रथसप्तमीनंतर, शिमग्याआधी : दिल्लीच्या सहलीची आखणी

झोडणी आटोपली असेल, भात कणगीत गेलं असेल, अंगण सारवून झालं असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही नाट्याच्या बायका तुमच्याशी बोलणार आहोत ते एका सहलीबद्दल. येत्या हिवाळ्यात आम्ही बाराजणी दिल्ली बघायला निघणार आहोत. अजून निघालेलो नाही. आखणी चालू आहे. ती करताना जे जे समोर आलं ते तुमच्यापुढे ठेवतो, म्हणजे उद्या जैतापूरच्या, आडिवऱ्याच्या, साखरीनाट्याच्या बायकांनी मनावर घेतलं तर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

पहिला प्रश्न सगळ्यांनी विचारला. दिल्लीच का? पंढरपूर आहे, कोल्हापूर-तुळजापूर आहे, गणपतीपुळे तर हाकेच्या अंतरावर. तिथे आपण जातोच, जातच राहू. पण दिल्ली हे नाव आपल्या घरात रोज येतं. गॅसची टाकी महागली की दिल्ली, रेशनचा नियम बदलला की दिल्ली. खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची बातमी आली की 'दिल्लीत बैठक' हे शब्द आलेच. जिथे आपल्याबद्दल इतकं ठरतं, ती जागा एकदा डोळ्यांनी बघावी असं वाटलं, एवढंच.

आणि तसं बघितलं तर आपलं दिल्लीशी नातं जुनं आहे. आपण पूर्वी राजापूर लोकसभा मतदारसंघात होतो. या मतदारसंघाने बॅ. नाथ पै यांना १९५७ पासून तीन वेळा दिल्लीला पाठवलं, आणि १९७१ पासून पाच वेळा मधु दंडवते यांना. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. त्याआधी दुसऱ्या वर्गाच्या डब्यात झोपायला नुसती लाकडी फळी असायची. तिच्यावर मऊ गादी बसवायचं काम त्यांच्या काळात सुरू झालं. तेव्हा आम्ही रात्री ज्या बाकावर पाठ टेकणार, त्याची गादी आपल्याच मतदारसंघातल्या खासदाराची देण आहे. आमच्या आज्या मुसाकाजीच्या बंदरातून बोटीने मुंबईला जायच्या. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला सगळ्या मार्गावर सुरू झाली, आणि आता रत्नागिरीत बसलेली बाई गाडी न बदलता दिल्लीत उतरू शकते.

आता जायचं कधी? इथे आमच्या तीन बैठका गेल्या. सगळे सांगतात, दिल्ली हिवाळ्यात बघावी. बरोबर आहे, मे-जूनमध्ये तिथे पारा पंचेचाळिशीला टेकतो. पण हिवाळा म्हणजे नेमका कुठला महिना? दिल्लीचा हिवाळा आणि आपला हिवाळा एकमेकांवर ठेवून बघावे लागतात.

नोव्हेंबर घ्या. आपल्याकडे शेतीची आवराआवर, आणि तिकडे हवा सगळ्यात वाईट. पंजाब-हरयाणात भाताचे खुंट जाळतात, त्यात दिवाळीचे फटाके आणि गाड्यांचा धूर. वारा पडलेला, खालची हवा थंड आणि जड, त्यामुळे धूर वर जात नाही. आमच्यात दोघींना दमा आहे. नोव्हेंबर बाद झाला.

डिसेंबरची अखेर आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे धुक्याचे दिवस. गंगेच्या मैदानातल्या ओलसर जमिनीवर रात्री वारा नसतो, जमीन गार होते आणि दाट धुकं धरतं. ते कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही. गाड्या तासन् तास उशिराने धावतात. आपल्याकडेही नेमका तेव्हाच आंब्याला मोहोर. फवारणीचे दिवस सोडून बागायतदाराच्या घरातली बाई हलू शकत नाही.

मग २६ जानेवारी? संचलन बघावं असं कुणाला वाटणार नाही! आपल्या महाराष्ट्राच्या चित्ररथाला २०१५ साली पंढरीच्या वारीसाठी आणि २०१८ साली शिवराज्याभिषेकासाठी पहिला क्रमांक मिळाला, ते आपण टीव्हीवर बघितलंच आहे. पण त्या दिवसांत रस्ते बंद, लाल किल्ला बघायला बंद, राहायला जागा मिळणं कठीण. दिल्ली फिरायला ते दिवस सोयीचे नाहीत. शिवाय संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपलं हळदीकुंकू. ते टाकून कोण जाईल?

आणि एकदा का शिमगा आला की कोकणातली बाई घर सोडत नाही. पालखी दारात येणार आणि घराला कुलूप, हे होणे नाही. म्हणून आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजींनी सरळ सांगितलं, "रथसप्तमी झाली की निघा आणि शिमग्याच्या आधी अंगणात या." कागदावर मांडून बघितलं तर दिल्लीच्या बाजूनेही तेच बरोबर ठरलं. फेब्रुवारीत धुकं ओसरलेलं असतं, दुपारी चोवीस-पंचवीस आणि पहाटे दहा-अकरा अंश, म्हणजे सोसवणारी थंडी. राष्ट्रपती भवनातली अमृत उद्यान ही बाग याच सुमारास लोकांना उघडते. आणि १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बहुधा संसद चालू असते.

एक अडचण उरते, दहावी-बारावीची परीक्षा. ज्यांच्या घरात यंदा परीक्षा आहे त्या या वर्षी जाणार नाहीत, पण पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर. हे वहीत लिहून ठेवलं आहे, नुसतं तोंडी ठेवलेलं नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. आमच्यात मासे विकणाऱ्या चौघी आहेत. मासेमारी बंद असते ती १ जूनपासून पावसाळ्यात. त्यांना सवड तेव्हाच, आणि दिल्ली तेव्हा भट्टीसारखी. हिवाळ्यात त्यांची पाटी एक दिवस बाजारात नाही गेली तर तेवढी कमाई बुडाली, आणि रोजचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. मग त्यांनी कधी जायचंच नाही का? यावर तोड त्यांनीच काढली. लावणीला आपण सावड करतो ना, आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू? तसंच. यंदा दोघी जातील, मागे राहिलेल्या दोघी चार घरांच्या पाट्या विकतील आणि पैसे ज्याच्या त्याच्या घरी पोचवतील. पुढच्या वर्षी उलट.

ही सावड मग आम्ही सगळ्यांनाच लावली. आमच्या बचत गटात चोवीस बायका. बारा यंदा जातील, बारा पुढच्या वर्षी. जाणारीच्या घराची जबाबदारी राहणारीवर. खरं सांगायचं तर सहलीत पैसा, थंडी, परका मुलूख यांतलं काहीच तितकं अवघड नाही. अवघड आहे ते एकच वाक्य, "मग घर कोण बघणार?" हे वाक्य नवरा म्हणतो, सासू म्हणते, आणि पुष्कळदा ते आपणच सगळ्यांच्या आधी म्हणतो. म्हणून त्याचं उत्तर नीट तयार केलं पाहिजे. प्रत्येकीने आठ दिवसांतली आपली कामं कागदावर लिहायची. गुरांना पाणी किती वाजता, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी कुठल्या डब्यात, गॅसचा नंबर कुठे लिहिलाय, मुलाचा डबा, विहिरीचा पंप. समोर नाव, हे कोण करणार. कागद चुलीशेजारी भिंतीला लावायचा. हा कागद लिहायला बसलो तेव्हा कुणाचाही कागद एका पानात मावला नाही. घरच्या पुरुषांनी तो वाचला, आणि दोन-तीन घरांत त्यांनी आपणहून आपलं नाव त्यात घातलं. सहल होईल तेव्हा होईल, एवढं तर आत्ताच झालं.

आता गाडीचं. मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीला थांबते आणि पनवेल, कल्याण, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा करत दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्टेशनला जाते. सुमारे दीड दिवसाचा प्रवास. आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस नाही. त्या सकाळी आठ वाजता खिडकीवर किंवा मोबाइलवर तयार पाहिजे. मोबाइलवरून काढणार असाल तर खातं आधारशी आधीच जोडून घ्या.

एक बारकावा लक्षात ठेवा. पंचेचाळीस वर्षांच्या पुढच्या बाईला खालचा बाक मिळावा म्हणून रेल्वेने वेगळा कोटा ठेवलेला आहे. पण तो एकटीला किंवा एका तिकिटावर दोघी असतील तरच मिळतो. सहाजणींचं एकत्र तिकीट काढलं तर ती सोय जाते. म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची तिकिटं दोघी-दोघींची काढायची. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत २०२० पासून बंद आहे, तेव्हा हिशेब पूर्ण भाड्याचाच धरा.

पैशांसाठी आम्ही कर्ज काढायचं नाही असं ठरवलं. गटाचं कर्ज म्हशीला, शिलाई मशीनला, औषधाला. सहलीला वेगळा डबा. आठवड्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाला पाच हजार दोनशे होतात. जिला शंभर जड जातात तिने पन्नास टाकावे आणि दुसऱ्या वर्षीच्या तुकडीत जावं. खर्चाचे रकाने पाच : गाडी, मुक्काम, जेवण, तिथलं फिरणं आणि अडीअडचण. बघण्याच्या जागांची तिकिटं त्या मानाने थोडी. बऱ्याच जागा तर फुकट आहेत.

आठवड्याचा मेळ असा बसवला. दिल्लीत सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अमृत उद्यान बंद. आग्र्यात शुक्रवारी ताजमहाल बंद. म्हणून सोमवारी रत्नागिरीहून बसायचं, म्हणजे बंदचा वार गाडीतच जातो. मंगळवारी पोचून अंग धुवायचं, जेवायचं, झोपायचं. त्या दिवशी काही बघायचं नाही.

बुधवारी लाल किल्ला, राजघाट आणि अलीपूर रोडवरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक. बाबासाहेबांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. अलीपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या बंगल्यात ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं. आता तिथे संविधानाच्या उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत आहे.

गुरुवारी संसद. खासदारांच्या सहीने प्रेक्षक-सज्जाचा पास मिळतो. त्यासाठी नावं आणि आधारचे नंबर लिहून खासदारांच्या कार्यालयाला आधीच पत्र द्यायचं. अधिवेशन चालू आहे ना, तेही विचारायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांना राखून ठेवणारं विधेयक याच नव्या इमारतीत मंजूर झालं. अंमल जनगणनेनंतर आणि मतदारसंघांची फेरआखणी झाल्यावर व्हायचा आहे. तोवर सज्जातून खाली बघावं आणि बायका किती दिसतात ते मोजावं. त्याच दिवशी सफदरजंग रोडवरचं इंदिरा गांधींचं घर. त्यांची हत्या झाली तेव्हा अंगावर असलेली साडी तिथे ठेवलेली आहे. जवळच तीस जानेवारी मार्गावर गांधीजींना गोळ्या घातल्या ती बाग.

शुक्रवारी कुतुबमिनार आणि अमृत उद्यान. मिनार साधारण बहात्तर मीटर उंच. आत चढू देत नाहीत, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी वाईट वाटून घ्यायचं नाही, सगळ्याच खालून बघणार. संध्याकाळी वेळ उरला तर दिल्ली हाटात देशभरच्या कारागिरांच्या मालाची मांडणी आणि पाकिटं बघायची. आपण कोकमं आणि काजूगर विकतो, आपल्याला शिकायला मिळेल.

शनिवारी आग्रा. ताजमहालाचं तिकीट ५० रुपये, आणि वर मुख्य कबरीपर्यंत जायचं तर आणखी २००. आग्र्याच्या किल्ल्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. महाराज १६६६ साली नऊ वर्षांच्या संभाजीराजांना घेऊन आग्र्याला गेले, ते आठवून तिथे दोन मिनिटं उभं राहायचं. रात्री मुक्काम आग्र्यातच, कारण परतीची मंगला आग्रा कॅन्टला थांबते. तिकीट तिथूनच काढलं की दिल्लीला मागे जायला नको. रविवारी गाडीत, सोमवारी घरी.

या यादीत पुष्कळ जागा नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. तालकटोरा नाही, जिथे १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाची फौज जाऊन थडकली आणि जिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं. हुमायूनची कबर नाही. पण आमचा नियम असा की जिचे पाय सगळ्यात कमी चालतात तिच्या पायांवर दिवस बेतायचा. दिवसाला दोन-तीन जागा, दुपारी तासभर बसणं. "तुम्ही जा ग, माझं आता काय राहिलंय," असं म्हणणाऱ्या तिघी आमच्यात आहेत. त्यांच्यावाचून बाकीच्या पळत पळत दहा जागा बघून आल्या, तर ती सहल गटाची कसली?

आता थंडी. आपल्याकडे पहाटे अठरा अंश झाले की शेकोटी पेटते. मराठी माणसाने तिकडची थंडी एकदा फार वाईट भोगली आहे. पानिपतची लढाई झाली ती १४ जानेवारी १७६१ ला, ऐन हिवाळ्यात. फौजेबरोबर तीर्थयात्रेला निघालेल्या बायकामाणसंही होती. सगळी अडकून पडली, उपाशी आणि गारठलेली. आपण तर ठरवून, फेब्रुवारीत, गोधडी घेऊन जाणार आहोत.

एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. दुपारी एकेक काढता येतो. साडीखाली लोकरी पायजमा घालायला लाजू नका. अंगठा वेगळा असलेले मोजे घेतले की चप्पल घालता येते, पण चालणं खूप असल्याने बूट बरे, आणि ते महिनाभर आधी घेऊन गावात घालून फिरा. कानटोपी हवीच. खोबरेल तेल तिकडे सकाळी बाटलीत थिजतं, तेव्हा रुंद तोंडाच्या डबीत न्या. ओठांना, टाचांना लावायला लागणारच. दमा असलेल्यांनी फेब्रुवारीतही तोंडाला चांगला मास्क लावावा, डॉक्टरांना आधी दाखवून घ्यावं.

खायला लाडू, कडबोळी, मेतकूट, आमसुलं न्या. सुकटीची चटणी कितीही आवडली तरी घरी ठेवा, दीड दिवस डब्यातल्या बाकीच्यांनी काय करावं? आणि पाणी प्या. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक दिवसाच्या आखणीत स्वच्छतागृह कुठे आहे हे आम्ही जागेच्या नावाशेजारीच लिहिलं आहे. संग्रहालयात शिरल्यावर आधी तिकडे, मग बघणं.

फिरायला मेट्रो. पहिला डबा बायकांचा असतो. सरकत्या जिन्यात साडीचा पदर अडकण्याची भीती वाटत असेल तर लिफ्ट असते, ती विचारा. आपली हिंदी कोकणी वळणाची असली तरी समजते. स्टेशनबाहेर "तुमचं हॉटेल बंद झालंय, मी दुसरं दाखवतो" असं सांगणारे भेटतात. त्यांच्याशी बोलत थांबायचं नाही. दोघी-दोघींच्या जोड्या, आणि गाडीत चढल्या-उतरल्यावर प्रत्येकीने आपली जोडीदारीण बघायची. राहण्याच्या जागेचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकीच्या पाकिटात. रेल्वेत मदतीला १३९, बाकी कुठेही ११२.

मैत्रिणींनो, आरक्षणाची तारीख आता दोन-तीन आठवड्यांवर आली आहे. तुमच्या वाडीत असा विचार चालू असेल तर आधी दिनदर्शिका उघडा, रथसप्तमीवर आणि शिमग्यावर खूण करा, आणि मधले आठ दिवस धरा. मग कागद घ्या आणि घरातली कामं लिहा. कुठली जागा बघायची ते सगळ्यात शेवटी ठरवलं तरी चालेल. आणि ज्या यंदा मागे राहणार आहेत, आमच्या त्या बाराजणींना या रेडिओवरून सांगतो : आमची घरं तुमच्या भरवशावर आहेत. पुढच्या रथसप्तमीनंतर तुमच्या गुरांना पाणी दाखवायला, तुमच्या पाट्या विकायला आम्ही आहोत.

नमस्कार.